पद्मिनीत गाणं बसवायचं तर

जुनी गाडी घेऊन कार-ऑडिओच्या दुकानात गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न वॅटचा असतो आणि दुसरा बजेटचा. नव्या गाडीसाठी हे प्रश्न ठीक आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या प्रीमियर पद्मिनीसाठी मात्र आधी दुसरंच काही विचारायला हवं: या गाडीला वीज किती परवडते, आणि तिच्या पत्र्याला भोकं किती? माझं म्हणणं असं, की जुन्या गाडीत गाणं चांगलं ऐकू यायला मोठा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. योग्य स्पीकर आणि त्याला योग्य जागा लागते. सुदैवाने हाच मार्ग असा आहे की त्यात गाडीचा एकही मूळ भाग कापावा लागत नाही. पद्मिनीचं उदाहरण मुद्दाम घेतो आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने बनवलेली ही गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि थोड्याफार फरकाने २००१ पर्यंत त्याच अंगाने निघत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती गेली, पण हौशी लोकांकडे ती अजून धावते आहे, आणि तिच्याबद्दल जे खरं ते अ‍ॅम्बेसिडर, हेरल्ड किंवा जुन्या बीटललाही बहुतांशी लागू पडतं.

आधी वॅटचा हिशेब, कारण सगळी फसगत तिथेच होते. स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा कुठून येतो ते शाळेतल्या सूत्राने कळतं: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि गाडीचा स्पीकर सहसा ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग २०७, त्याला चाराने भागलं की ५२. झाले पन्नास वॅट! पण हे खरं ठरायला स्टिरिओने पूर्ण व्होल्टेज सतत स्पीकरवर आदळत ठेवावं लागेल, म्हणजे गाण्याची लाट चेपून तिचा चौकोन व्हावा लागेल. तो आवाज फाटलेला असतो, कुणी ऐकू शकणार नाही. शुद्ध लाटेसाठी हेच गणित निम्म्यावर येतं, आणि आतल्या चिपचं स्वतःचं खाणं वजा केलं की हाती राहतात १८ ते २० वॅट. किंमत पाच हजार असो की पन्नास, डॅशबोर्डात बसणारे बहुतेक सगळे स्टिरिओ याच मर्यादेत अडकतात, कारण बारा व्होल्टची बॅटरी आणि चार ओहमचा स्पीकर सगळ्यांना सारखाच. याहून जास्त हवं तर आधी व्होल्टेज चढवणारी यंत्रणा लागते. बाहेरून लावायच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत निम्मा संसार तिचाच असतो.

अठरा वॅट ऐकायला केविलवाणे वाटतात, पण कानाचं मोजमाप वेगळं आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. आता स्पीकरकडे बघू. त्याच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा एक आकडा बारीक अक्षरांत असतो: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळेल. बाजारात हा आकडा ८४ पासून ९२-९३ पर्यंत सापडतो. काचा उघड्या ठेवून साठच्या वेगाने चाललेल्या पद्मिनीत इंजिन, वारा आणि टायर मिळून ७५ डेसिबलचा गोंगाट आहे असं धरू. गाणं त्याच्या वर दहा डेसिबल तरी हवं, म्हणजे ८५. तबल्याची थाप किंवा गायकाची वरची पुकार अचानक येते, तिच्यासाठी आणखी १५ डेसिबलची मोकळीक ठेवली तर १००. सेन्सिटिव्हिटी ९० असलेला स्पीकर एवढ्यासाठी १० वॅट मागेल. ८४ असलेला तेच काम करायला ४० वॅट मागेल. पहिल्याला स्टिरिओ सहज पुरतो, दुसऱ्याला बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर लावावाच लागतो. गंमत म्हणजे दुकानात ज्या स्पीकरवर ‘३०० वॅट’ लिहिलेलं असतं आणि म्हणून जो दमदार समजून घेतला जातो, तो बऱ्याचदा दुसऱ्या जातीचा असतो. तो ३०० चा आकडा आवाजाचा नाहीच. स्पीकर जळण्याआधी किती वीज सोसेल, तेवढंच तो सांगतो, आणि तेही बरंच फुगवून.

हा फरक नव्या गाडीत चालून जातो, कारण तिथे वीज मुबलक असते. जुन्या पद्मिनीत डायनामो असेल तर चित्र बदलतं. त्या पिढीतल्या छोट्या गाड्यांच्या डायनामोची मजल साधारण २०-२२ अँपिअरपर्यंत, तीही इंजिन चांगल्या वेगात असताना. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो जवळजवळ काहीच देत नाही आणि चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणू लागतो. पावसाळ्यातल्या रात्रीचा हिशेब मांडा. दोन हेडलाइट ८-९ अँपिअर, मागचे नि डॅशचे दिवे दोन, कॉइल तीन-चार, वायपर तीन-चार. राहिलं काय? मूठभर. स्टिरिओ मध्यम आवाजात दोन-तीन अँपिअर घेतो, तेवढं या शिल्लकीत बसतं. खरोखर ४०० वॅट देणारा जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र जोराच्या ठेक्याला पन्नास अँपिअरच्या वर ओढतो, आणि संगीत चढ-उताराचं असल्याने सरासरी एक तृतीयांश धरली तरी सगळा डायनामो एकट्या गाण्याच्या दावणीला बांधल्यासारखा होतो. उरलेली गाडी मग बॅटरीवर जगते.

यावर लगेच उत्तर येतं, की डायनामो काढा, आल्टरनेटर लावा. ही सुधारणा चांगलीच आहे. उभ्या गाडीतही चार्जिंग होतं, दिवे लख्ख पडतात, आणि मूळ डायनामो जपून ठेवला तर ती उलटवताही येते. रोज वापरातल्या गाडीला मी तिची शिफारसच करीन. पण ती निव्वळ अ‍ॅम्प्लिफायर पोसण्यासाठी केली तर एकातून एक कामं निघत जातात. पन्नास-साठ अँपिअरचा आल्टरनेटर आला की त्याला साजेशी जाड तार हवी. ज्या जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डात अँमीटर आहे, तिथे गाडीचा बहुतेक सगळा प्रवाह त्या मीटरमधूनच जातो. तीसपर्यंत मोजणाऱ्या मीटरमधून साठ अँपिअर गेले तर तो तापून डॅशच्या मागे आग लागू शकते. म्हणून अँमीटर वळसा घालून बाजूला ठेवायचा, मग त्याची सुई निकामी, मग तिच्या जागी व्होल्टमीटर. एवढा खटाटोप सहा डेसिबलसाठी, आणि ते सहा डेसिबल योग्य स्पीकर निवडून फुकट मिळत होते.

आता जागा, कारण चांगला स्पीकर चुकीच्या जागी बसवला तर तो गरीब बिचारा होतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा लांब असतात. १०० हर्ट्झची लाट साधारण साडेतीन मीटरची. अशी लाट स्पीकरच्या कडेवरून सहज वळून मागे जाते आणि मागच्या उलट लाटेशी मिळून दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. डॅशखाली पट्टीवर नुसता टांगलेला स्पीकर किणकिणतो, त्यात ढोलक उरतच नाही, ते यामुळे. स्पीकरची पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणारी भिंत हवी. पद्मिनीत अशी भिंत आयती आहे: मागच्या काचेखालची शेल्फ. वर गाडीची आतली जागा, खाली डिकीची बंद पोकळी. सहा बाय नऊ इंचांचा लंबगोल स्पीकर तिथे आरामात बसतो, आणि त्याच्या पडद्याचं क्षेत्रफळ चार इंची गोल स्पीकरच्या तिपटीहून जास्त असतं, म्हणजे तेवढी जास्त हवा तो हलवतो. टॅक्सीवाल्यांनी कॅसेटच्या जमान्यात मागच्या शेल्फवर स्पीकर चढवले ते कुठलंही पुस्तक न वाचता, पण ध्वनिशास्त्राच्या बाजूने त्यांची निवड पक्की होती. त्यांनी उघड्यावर ठेवलेल्या चकाकत्या खोक्यांबद्दल मात्र तेवढं चांगलं बोलता येत नाही.

शेल्फचं काम जरा तपशिलाने सांगण्यासारखं आहे, कारण इथेच बहुतेक गाड्या कायमच्या बिघडतात. मूळ शेल्फ पातळ हार्डबोर्डची असते. तिला भोक पाडलं की ती गेली. शिवाय ती स्पीकरचं वजन पेलत नाही आणि ठेक्याबरोबर थरथरते. तेव्हा ती सांभाळून काढायची, जाड कागदावर तिचा आकार उतरवून घ्यायचा आणि त्याबरहुकूम १२ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायची नवी शेल्फ कापायची. स्पीकरची भोकं तिला पाडायची. खालच्या पत्र्यात कंपनीनेच ठेवलेल्या मोकळ्या जागा असतात, त्यांच्यावर स्पीकर येईल असं बघायचं, म्हणजे पत्रा कापावा लागत नाही. प्लाय आणि पत्रा यांच्यात फोमची पट्टी हवी, नाहीतर खडखड सुरू होते आणि फटींतून तीच पुढची-मागची हवा पुन्हा एकमेकींना भेटते. वरून सीटच्या रंगाचं रेक्झिन आणि लोखंडी जाळी. मूळ शेल्फ घरी माळ्यावर सपाट ठेवून द्यायची. स्पीकर घेताना पडद्याच्या कडेची गोल वळी रबराची आहे का ते बोटाने दाबून पाहावं. फोमची वळी आपल्या दमट उन्हाळ्यात काही वर्षांत चुरा होऊन गळते, आणि बंद गाडीच्या मागच्या काचेखाली तर लवकरच.

आक्षेप असा, की गाणं मागून येतं आणि पुढे बसलेल्याला गायक डिकीत बसल्यासारखा वाटतो. आक्षेप बरोबर आहे. त्याला उतारा म्हणजे पुढे चार इंची दोन छोटे स्पीकर, पाय ठेवायच्या जागेच्या बाहेरच्या कोपऱ्यांत, प्लायच्या लहान तिरप्या पेट्यांमध्ये. शब्द आणि वरचे सूर तिथून येतील, खर्ज मागून. खर्जाची दिशा कानाला फारशी कळत नाही. ड्रायव्हरच्या बाजूची पेटी पेडलच्या आड येत नाही ना, हे बूट घालून तपासायचं. दारात स्पीकर बसवायची नव्या गाड्यांची पद्धत इथे मी टाळायला सांगेन. दाराच्या आतला पत्रा कापावा लागतो हे एक, आणि पाऊस हे दुसरं. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरतंच, ते खालच्या बारीक भोकांतून गळून जावं अशीच दाराची रचना असते. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसात त्या आतल्या ओलीत स्पीकरचा मागचा भाग ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

डॅशबोर्डचा प्रश्न भावनेचाही आहे. एक पक्ष म्हणतो, गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच हवी, तिच्यात स्टिरिओ मुळी नकोच. या पक्षाबद्दल मला आदर आहे, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. शिकागोतल्या गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये मोटोरोला नावाने गाडीचा रेडिओ विकायला सुरुवात केली तेव्हापासून रेडिओ ही गाडी घेतल्यावर बाहेरून बसवून घ्यायची चीज होती. पुढेही कितीतरी गाड्यांच्या डॅशबोर्डवर रेडिओची जागा नुसती पट्टीने झाकलेली येई; ज्याला हवा त्याने बसवावा. आणखी एक गोष्ट इथे कामाची आहे. १९३२ चा ब्लाउपुंक्टचा पहिला गाडीतला रेडिओ इतका अवजड होता की तो हाताशी बसवणं शक्यच नव्हतं. खोकं दूर कुठेतरी आणि फिरवायची बटणं स्टिअरिंगच्या दांड्यावर. तीच युक्ती आज जुन्या डॅशबोर्डला वाचवते. स्टिरिओ हातमोज्यांच्या खणात किंवा सीटखाली ठेवायचा आणि फोनवरून ब्लूटूथने चालवायचा; डॅशबोर्डला हात लावायचाच नाही. नव्या स्टिरिओचं १८० बाय ५० मिलिमीटरचं प्रमाणित तोंड जुन्या दोन-बटणी रेडिओच्या खाचेत बसत नाही, आणि ते बसवायला डॅशचा पत्रा कापला की ती जखम भरत नाही. मूळ रेडिओ शाबूत असेल तर त्याच्याच पोटात ब्लूटूथचा छोटा बोर्ड घालून देणारे कारागीरही आहेत.

न कापण्याला केवळ हौशीचं कारण नाही. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. अट अशी, की ती मूळ रूपात असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. डिलाइट तर या वयाच्या झाल्याच, सुरुवातीच्या पद्मिनीही आता त्या उंबरठ्यावर आहेत. एका स्टिरिओने नोंदणी अडेल असं मी म्हणणार नाही. पण जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेतही हेच सूत्र आहे: नंतर केलेली भर अशी असावी की काढता येईल, आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत.

एवढं करून गाणं सुरू केलं की किटकिट ऐकू येते. जुन्या गाडीचं इग्निशन म्हणजे चाकांवरचं ठिणग्यांचं प्रक्षेपण केंद्रच. सीबी पॉइंट उघडतात, कॉइल हजारो व्होल्ट फेकते, प्लगच्या तांब्याच्या तारा अँटेनासारख्या पसरवतात. नव्या गाड्यांत हे आवरलेलं असतं, म्हणून नव्या स्टिरिओचे मेकॅनिक इथे चाचपडतात. निदान मात्र सोपं आहे. इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी टिकटिक असेल तर ती प्लगांची. वाढत जाणारी शीळ असेल तर डायनामो किंवा आल्टरनेटरची. अँटेनाची तार उपटल्यावर आवाज गेला तर तो हवेतून येतो आहे. आवाज शून्यावर नेऊनही राहिला तर वीज किंवा अर्थ यांच्या तारेतून. टिकटिकीसाठी प्लगच्या तारा कार्बनच्या, रोधक असलेल्या लावायच्या. शिळेसाठी डायनामोच्या मुख्य टर्मिनलवर एक-दोन मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. त्याच्या शेजारच्या फील्डच्या टर्मिनलवर नव्हे. तसाच एक कंडेन्सर कॉइललाही लागतो, पण किल्लीकडून येणाऱ्या बाजूला. पॉइंटच्या बाजूला लावला तर ठिणगीच मरते आणि गाडी अडखळायला लागते, मग दोष कार्बुरेटरला दिला जातो. स्टिरिओचा अर्थ रंगावर स्क्रू मारून न घेता पत्रा खरवडून घ्यावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तारांबद्दल दोन गोष्टी जुन्या इलेक्ट्रिशियनलाही सांगाव्या लागतात. जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार सरळ बॉडीला जोडली तरी चाले. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारांवर, शांत असतानाही, सहा-सात व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली तर चिप जळते. म्हणून प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन तारा, कुठेही अर्थ नाही. दुसरी गोष्ट ब्रिटिश घराण्यातल्या जुन्या गाड्यांची: त्यांपैकी अनेकांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. तशा गाडीत नवा स्टिरिओ बसवला की त्याची धातूची पेटीच शॉर्ट करते. बाकी नेहमीचंच: फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत, पत्र्यातून तार जाईल तिथे रबरी बुश, आणि नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला एकही जोड नको, कारण मे महिन्यात त्या टेपचा डिंक वितळतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात व्यवहारी: एवढं कशाला, हजार-दोन हजारांचा ब्लूटूथ स्पीकर सीटवर टाका. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीसाठी मी हे मान्य करतो. ना भोक, ना तार. फक्त तो बांधून ठेवा, कारण ब्रेक दाबताना पेडलखाली घरंगळलेला स्पीकर जीवावर बेतू शकतो. खर्ज त्यात मिळणार नाही, आणि काचा उघडल्या की शब्दही वाऱ्यावर जातील. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या गाडीचं त्यावर भागत नाही.

आणि गाडी कमी निघत असेल तर बसवलेल्या स्टिरिओचीही एक बारीक चोरी असते. त्याच्या पिवळ्या तारेला बॅटरीची वीज कायम लागते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल तार किल्लीवर. समजा तो बंद असताना १० मिलिअँपिअर घेतो. महिन्याचे ७२० तास, म्हणजे ७.२ अँपिअर-तास; गणपतीपासून दिवाळीपर्यंत गाडी झाकून ठेवली आणि बॅटरीचं स्वतःचं झिरपणं त्यात धरलं, तर सेल्फ नुसता कण्हेल. पिवळी आणि लाल दोन्ही तारा किल्लीवर जोडल्या तर हा प्रश्न सुटतो. घड्याळ दर वेळी बाराला येतं, पण ब्लूटूथवर गाणी ऐकणाऱ्याला त्याचं काय! नाहीतर बॅटरीच्या अर्थवर फिरकीचा कटऑफ बसवायचा, तो शे-दोनशे रुपयांत मिळतो आणि बॉनेट उघडून एका पिळात गाडीची सगळीच वीज तोडतो.